धरणाच्या वरच्या अंगाला : भंडारदऱ्याच्या काठचे चार दिवस

माझ्या मामांची सगळी नोकरी भंडारदऱ्याच्या पाण्यावर झाली. श्रीरामपूर तालुक्यातील एका गावी, प्रवरेच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की सायकलवरून चाऱ्या (पोटकालवे) तपासणे, दारे उघडणे-बंद करणे आणि शेतकऱ्यांची भांडणे सोडवणे यांत त्यांची तेहतीस वर्षे गेली. पावसाळ्यात आजही ते वर्तमानपत्र उघडतात ते आतल्या पानावरचा धरणसाठ्याचा तक्ता पाहण्यासाठीच. एवढे असूनही धरण त्यांनी फक्त एकदा पाहिले होते, तेही खात्याच्या जीपमधून, खालच्या अंगाने आणि अर्ध्या तासात. सप्टेंबरच्या अखेरीस नाशिकला आमच्याकडे आले असताना ते सहज बोलून गेले, "त्या धरणाच्या वरच्या अंगाला गावं कशी आहेत, ते एकदा पाहायला पाहिजे." माझ्या यजमानांनी त्याच रात्री रजा टाकली आणि नवरात्राच्या तिसऱ्या माळेला आम्ही तिघे निघालो.

पहिला दिवस : घोटी, बारी, शेंडी

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याने घोटीपर्यंत आणि तेथून डावीकडे वळून शेंडीपर्यंत हे अंतर साधारण सत्तर किलोमीटर भरते. घोटी हे भाताच्या गिरण्यांचे गाव आहे. तेथे गाडीत पेट्रोल भरून घ्यावे आणि लागणारी रोकडही तेथेच काढावी, कारण पुढे दोन्हींची शाश्वती नाही.

घोटीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागली. गरवा भात अजून हिरवा होता, पण हळव्या भाताच्या लोंब्या पिवळ्या पडून खाली झुकू लागल्या होत्या. बारी गावाशी मात्र गाडी थांबवावीच लागली. १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च असे कळसूबाईचे शिखर चढण्याची वाट याच गावातून जाते आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची तेथे रीघ लागते. एरवी ट्रेकिंगचे बूट आणि पाठपिशव्या दिसणाऱ्या त्या वाटेवर त्या दिवशी नऊवारीचा काष्टा मारलेल्या, अनवाणी, हातात ओटीचे सामान घेतलेल्या बायका दिसत होत्या. दर्शन घेऊन उतरलेल्या एक आजी चहाच्या टपरीवर आमच्या शेजारी येऊन बसल्या. पायांना चिखल लागलेला होता, मात्र चेहऱ्यावर थकवा म्हणून दिसत नव्हता. लोखंडी शिड्यांची भीती वाटत नाही का, असे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शिड्या आता झाल्या, बाई. आमच्या सासवा साखळी धरून जायच्या." मामांनी शिखराकडे पाहिले, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि जागेवरूनच हात जोडले.

दुपारी शेंडीला पोहोचलो. नकाशात आणि पर्यटकांच्या तोंडी 'भंडारदरा' म्हणून जे येते, ते गाव म्हणजे प्रत्यक्षात ही शेंडी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे हे पश्चिमेकडचे टोक आहे. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा येथे दोन डोंगरांच्या चिमटीत सापडते आणि नेमक्या त्याच जागी इंग्रजांनी धरण बांधले. १९१० साली सुरू झालेले हे काम १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. जलाशयाचे नाव वेगळे, आर्थर हिल यांच्यावरून पडलेले आहे. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत चुन्यात बांधलेली आहे.

भिंतीवर जाण्यास सामान्य लोकांना परवानगी नाही. निवृत्त कर्मचारी असल्याचे मामांनी मोठ्या आशेने सांगून पाहिले. रखवालदाराने त्यांना आदराने खुर्ची दिली, चहा विचारला आणि तितक्याच आदराने नाही म्हटले. मग आम्ही खालच्या बागेतून भिंतीकडे पाहत उभे राहिलो. भिंतीला पाठीमागून टेकू दिल्यासारखे जे जाड आधारस्तंभ दिसतात, ते मूळच्या बांधकामातले नाहीत. १९६९ मध्ये धरणाला तडे जाऊन मोठी गळती लागली, त्यानंतरच्या मजबुतीकरणात ते उभारले गेले. त्या वर्षी खालच्या भागात काय घबराट उडाली होती, हे मामांनी लहानपणी पाहिले होते. घरातले धान्य माळ्यावर चढवून त्यांच्या आईने दोन रात्री जागून काढल्या होत्या. ते सांगत असताना त्यांची नजर त्या आधारस्तंभांवरून हलत नव्हती.

येथील 'अंब्रेला फॉल' हा छायाचित्रांतून सर्वांच्या ओळखीचा आहे. धरणाच्या मोरीतून सोडलेले पाणी खालच्या गोलसर खडकावरून उलगडत पडते आणि छत्रीचा आकार होतो. आमच्या नशिबी छत्री नव्हती, कारण त्या दिवशी ती मोरी बंद होती आणि पाणी सांडव्यावरून जात होते. समोर होता तो नुसता काळा, ओला, हत्तीच्या पाठीसारखा खडक. आसपासची मंडळी हळहळत परत फिरत होती. हा धबधबा नळासारखा चालतो-थांबतो हे ठाऊक नसल्याने अनेकांची अशी निराशा होते, म्हणून निघण्यापूर्वी शेंडीत कोणाला तरी विचारून घ्यावे.

मुक्कामाच्या बाबतीत पहिल्या रात्री आमची चूक झाली. आम्ही तलावाकाठी तंबूत जागा घेतली होती आणि नेमका शनिवार होता. रात्री अकरापर्यंत ध्वनिवर्धकावर गाणी चालली होती. पाण्याच्या इतक्या जवळ झोपूनही पाण्याचा आवाज काही ऐकू आला नाही. ज्यांना शांतता हवी असेल त्यांनी शनिवार-रविवार टाळावा किंवा सरळ गावातल्या घरी राहावे. पुढच्या दोन रात्री आम्ही तसेच केले.

दुसरा दिवस : मुतखेल, रतनवाडी, साम्रद

तलावाला पूर्ण फेरी घालणारा रस्ता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे. शेंडीहून दक्षिणेकडच्या काठाने गेल्यास मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी आणि साम्रद ही गावे लागतात, तर उत्तरेकडच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे आणि घाटघर. हा सारा प्रदेश १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वाटेत वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरावे लागते. सुटे पैसे जवळ ठेवल्यास नाक्यावरचा वेळ वाचतो.

मुतखेल ओलांडल्यावर पाऊस सुरू झाला आणि डोंगरांच्या अंगावरून पांढऱ्या धारा दिसू लागल्या. एका डोंगरावर मी अकरा धबधबे मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. रस्त्याच्या कडेने सोनकीचा पिवळा गालिचा आणि त्यात मधूनच तेरड्याचा जांभळा रंग होता. कोलटेंभ्याच्या अलीकडे एक गुराखी डांगी गाईंचा कळप घेऊन रस्त्यातच उभा होता. गाई तशा धुवाधार पावसात निवांत रवंथ करीत होत्या. मामा काच खाली करून त्यांच्याकडे पाहू लागले, तेव्हा गुराख्याने एका गाईच्या पाठीवरून तळहात फिरवून तो आमच्यासमोर धरला. त्यावर तेलाचा पुसट, चिकट तवंग होता. डांगी जनावराच्या कातडीतून असा तेलकट स्राव पाझरतो आणि त्यामुळे पाणी अंगावरून निथळून जाते. इगतपुरी-अकोल्याच्या या मुसळधार पट्ट्यात दुसरी जात टिकत नाही, ती टिकते. "हिला इरलं लागत नाही," असे म्हणून तो हसला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे पोते होते.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हे या सहलीतले माझे मुख्य आकर्षण होते. मंदिर गावाला अगदी चिकटून आहे. एका बाजूला घरांच्या पडव्या, दुसऱ्या बाजूला खाचरे आणि मागे रतनगड. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमस्थानी बारा शिवमंदिरे बांधली आणि त्यांतील हे एक, असे परंपरा सांगते, मात्र मंदिराची घडण पाहता ते त्यानंतरचे, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे असावे असे मानले जाते. लोक त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. शिखर मात्र भूमिज पद्धतीचे आहे. खालपासून वरपर्यंत लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी एकमेकींवर रचलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून जाळीदार नक्षीच्या पट्ट्या वर चढत जातात. पावसाने ओल्या झालेल्या त्या काळ्या दगडावर शेवाळाचा हिरवा हात फिरला होता. छायाचित्रांत मंदिर कोरडे आणि करडे दिसते, त्यामुळे त्याचा हा रंग मला अगदी अनपेक्षित होता.

मंदिराला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून अशा दोन्ही बाजूंनी प्रवेश आहे, त्यामुळे एका दाराने आत जाऊन मागे वळण्याची नेहमीची सवय येथे चालत नाही. मंडपातील खांब कोरीव आहेत आणि आतला अंधार इतका दाट आहे की डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे उभेच राहावे लागते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचून पिंडी पाण्याखाली जाते असे ऐकले होते. आम्ही गेलो तेव्हा घोट्याएवढे पाणी होते आणि त्यात कोणी वाहिलेली झेंडूची फुले तरंगत पिंडीभोवती हळूहळू फिरत होती. मंदिराजवळच चौरस पुष्करणी आहे. तिच्या आतल्या भिंतींत देवकोष्ठे आहेत आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. मंदिराइतकीच ती पाहण्यासारखी असूनही बहुतेक लोक तिच्या कठड्यावर बसून छायाचित्र काढतात आणि निघून जातात.

प्रवरेला या भागात अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनाच्या वेळी चोरून अमृत प्यालेल्या राहूचा शिरच्छेद झाला, त्याच्या कंठातले अमृत येथे सांडले आणि त्याची नदी झाली, अशी कथा गावातल्या एका शाळकरी मुलाने आम्हांला एका दमात सांगितली. ही नदी पुढे नेवाशाला जाते, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि तेथून जवळच प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. मामांना यातले नेवासे ठाऊक होते, संगम ठाऊक होता, राहूची कथा मात्र नव्हती. ते त्या मुलाला म्हणाले, "आमच्याकडे येईपर्यंत त्या अमृताचा ऊस होतो, बाळा." मुलाला विनोद कळला नाही, पण त्याने शिष्टाचार म्हणून हसून दाखवले.

दुपारी ज्या घरी आमची मुक्कामाची सोय होती, तेथे नागलीची भाकरी, कुळथाचे शेंगोळे, लसणाची चटणी आणि वाफाळता भात असे जेवण मिळाले. नाचणीला या भागात नागलीच म्हणतात. चुलीवरून थेट ताटात येणारी ती काळसर भाकरी फुगलेली असतानाच मोडून खावी, गार झाली की तिचा वातड तुकडा होतो. घरधन्यांचे वडील जुन्या गोष्टी सांगत होते. रस्ता नव्हता तेव्हा शेंडीहून लाँचने लोक रतनवाडीच्या बाजूला उतरत आणि तेथून चिखल तुडवत गावात येत. रतनगड चढणारी मुंबई-पुण्याची पोरे त्या लाँचमधूनच यायची.

जेवणानंतर साम्रदला निघालो आणि वाटेत चाक पंक्चर झाले. ते बदलण्यात पाऊण तास गेला, त्यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही. फक्त एक सूचना आहे, या फेरीवर स्टेपनी तपासल्याशिवाय निघू नये, कारण रतनवाडीपासून घाटघरपर्यंतच्या टप्प्यात दुरुस्तीचे दुकान नाही.

साम्रदची सांधण दरी म्हणजे जमिनीला पडलेली अरुंद, खोल भेग आहे. कडे इतके जवळ येतात की काही ठिकाणी ऊन तळापर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरही पाणी ओसरेपर्यंत तेथे उतरणे जिवावर बेतू शकते, कारण वर कोठे तरी पाऊस पडला तरी दरीत लोंढा येतो आणि पळायला बाजू नसते. गावातला वाटाड्या आम्हांला दरीच्या तोंडापर्यंत घेऊन गेला, आतून येणारा पाण्याचा घुमता आवाज त्याने ऐकवला आणि तेथून परत आणले. आमच्यासमोरच आलेल्या एका गटाने दुप्पट पैसे देऊ केले, तरी तो बधला नाही. सांधण उतरायची असेल तर दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत यावे आणि गावातला वाटाड्या घ्यावाच.

तिसरा दिवस : घाटघर, उडदावणे, पांजरे

रात्रभर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. सकाळी घाटघरकडे निघालो तेव्हा धुके इतके दाट होते की यजमानांनी गाडी चालवली आणि मी खिडकीतून डोके बाहेर काढून रस्त्याची कड सांगत राहिले. वर्तमानपत्रे घाटघरला 'नगर जिल्ह्याची चेरापुंजी' म्हणतात. त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-कर्जतकडे टँकरची वाट पाहिली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या नावातली गंमत आणि खंत दोन्ही कळतात.

घाटघरच्या कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काहीही नव्हते. कठड्याला धरून उभे राहिले तर खालून वर येणारा वारा चेहऱ्यावर पाणी मारत होता. पाऊस खालून वर पडताना मी प्रथमच पाहिला. आलेले लोक पाच मिनिटे थांबून, 'काही दिसत नाही' असे एकमेकांना सांगून परत जात होते. मामांनी मात्र शेडमधल्या बाकावर बैठक मारली आणि कणसे भाजणाऱ्या मावशींशी गप्पा सुरू केल्या. आवर्तनाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला धुके हटण्याची वाट पाहणे जड नव्हते.

पावणेदोन तासांनी, दुसरे कणीस निम्मे झाले असताना, पांढऱ्या भिंतीला एक भोक पडले. त्यातून आधी खालची हिरवी झाडी दिसली, मग उजव्या हाताला अलंग, मदन आणि कुलंग यांचे उभे कातळ एकामागून एक बाहेर आले आणि शेवटी, थेट पायाखाली, कोकणातल्या सपाटीवर पाण्याचा एक चकाकता तुकडा दिसला. तो शहापूर तालुक्यातील चोंढे येथील खालचा जलाशय होता. वर घाटघरला एक लहान धरण, खाली चोंढ्याला दुसरे आणि मध्ये डोंगराच्या पोटातून नेलेला बोगदा, अशी ही २५० मेगावॅटची उदंचन जलविद्युत योजना आहे. ती २००८ पासून वीज देते आहे. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून वीज करायची आणि रात्री वीज शिल्लक असली की तेच पाणी पुन्हा वर चढवायचे.

मामांना ही योजना कागदोपत्री माहीत होती, पण दोन्ही टोके एका नजरेत पाहिल्यावर ते बराच वेळ गप्प झाले. या कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्राला जातो आणि पूर्वेला पडलेला प्रवरा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. मध्ये हे एक पाणी मात्र दोन्हीकडे न जाता नुसते वर-खाली येरझारा घालत असते. "म्हणजे हे पाणी कामाला जातं आणि रात्री घरी येतं," असे मामा म्हणाले. दहा मिनिटांत धुके पुन्हा मिटले. घाटघरला जाणाऱ्यांनी निदान दोन तास हाताशी ठेवावेत आणि पावसाळी जाकीट घालावे, छत्री तेथे टिकत नाही.

परतीच्या वाटेवर उडदावण्याजवळ रस्ता जंगलातून जातो. हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभूळ यांची ही झाडे मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, काजव्यांनी लगडतात आणि त्या पंधरा-वीस दिवसांत येथे गाड्यांची रांग लागते. त्या काळात यायचे असल्यास आडवारी यावे, गाडीचे दिवे बंद ठेवावेत आणि काजवे बाटलीत भरू नयेत, एवढे तरी पाळावे. आम्ही गेलो तेव्हा त्या झाडांखाली फक्त बेडकांचा गजर चालू होता.

पांजऱ्याला ज्यांच्या घरी उतरलो, त्या बाईंना आम्ही मावशी म्हणू लागलो, पण मामा आणि त्या एकमेकांना 'बाई' आणि 'बाबा' म्हणत होते. घर महादेव कोळी समाजातले. ओसरीवर भिंतीला राघोजी भांगरे यांची तसबीर होती. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या राघोजींचे देवगाव याच तालुक्यातले. पडवीतून तलाव सरळ समोर दिसतो. खाचरे संपतात तेथे पाणी सुरू होते, आणि पाण्यापलीकडे रतनगडाचा खुटा नावाचा सुळका ढगातून डोके काढतो. हॉटेलवाले ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणून निराळे पैसे लावतात, तो देखावा या घरात रोज भांडी घासताना दिसतो.

संध्याकाळी मावशींनी भात टाकला आणि घरभर वास पसरला. तो काळभात होता. साळीची टरफले काळी, तांदूळ आत पांढरा आणि बारीक, अशी ही या डोंगरातली जुनी सुवासिक जात आहे. मध्यंतरी संकरित बियाण्यांपुढे ती मागे पडली होती. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे यांच्या खटपटीमुळे अशा गावठी वाणांकडे लोक पुन्हा वळू लागले आहेत. मावशींनी कणगीतले मूठभर भात आणून मामांच्या तळहातावर ओतले. मामांनी एक दाणा नखाने सोलला, दाताखाली धरला आणि 'वाळवण चांगलं झालंय' असा खात्यातला शेरा दिला.

जेवताना मामांनी विचारले, "एवढं पाणी दाराशी आहे, मग दुसरं पीक काय घेता?" मावशींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी सांगितले ते असे. पाणी आता दाराशी आहे, पण खालची आवर्तने सुरू झाली की ते दिवसेंदिवस दूर सरकत जाते. चैत्र-वैशाखात घरापासून पाण्यापर्यंत नुसता भेगाळलेला गाळ असतो. विहीर आटते. मग झिऱ्यावर, म्हणजे पाणी पाझरणाऱ्या खड्ड्यावर, वाटीने हंडा भरायचा, एका हंड्याला अर्धा तास. "खाली लोकांना पाणी सुटलं की आम्हांला कळतं, बाबा. आमचं मागं जातं ना."

भंडारदऱ्याची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे, हा आकडा मामांना झोपेतही सांगता येतो. त्या रात्री त्यांनी तो सांगितला नाही. त्यांनी भात आणखी वाढून घेतला आणि चैत्रात पाणी नेमके कोठपर्यंत मागे जाते ते विचारले. मावशींनी अंधारात हात करून एक आंब्याचे झाड दाखवले, ते आम्हांला दिसले नाही.

मोबाईलला या काठावर बहुतेक ठिकाणी रेंज नसते. वस्तीमागे एक टेकाड आहे, तेथे मावशी रोज संध्याकाळी सात वाजता मुंबईला असलेल्या मुलाशी बोलायला जातात. दुसऱ्या कोणाला त्यांच्याशी फोनवर बोलायचे असेल तर त्यानेही त्याच वेळी फोन करावा लागतो, एरवी लागत नाही.

चौथा दिवस : रंधा, राजूर, अकोले

सकाळी निघताना मावशींनी काळभाताच्या तांदळाची किलोभराची पुरचुंडी मामांच्या हाती दिली. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, शेवटी मुक्कामाच्या हिशेबात आम्ही ते नकळत मिसळले. या गावांत थेट घरातून तांदूळ, नागली किंवा मध विकत घेता येतो. पर्यटकांनी शहरातून बिस्किटांचे पुडे भरून आणण्यापेक्षा ते करावे असे मला वाटते.

शेंडीपासून दहा किलोमीटरवर रंध्याचा धबधबा आहे. या पाण्यावर वीजनिर्मिती होत असल्याने कोरड्या दिवसांत त्याचा नुसता ओघळ उरतो, परंतु धरणातून विसर्ग चालू असताना प्रवरा येथे सगळ्या अंगानिशी दरीत कोसळते. पाणी पांढरे नव्हते, चहाच्या रंगाचे होते. कठड्याला हात लावला तर त्यातून थरथर जाणवत होती. येथील खडक अत्यंत निसरडा असून अनेकांचे जीव गेले आहेत, तेव्हा कठड्याच्या आतच राहावे. जवळच घोरपडादेवीचे मंदिर आहे, तेथे नवरात्रामुळे आरती चालू होती, पण धबधब्याच्या आवाजात घंटा फक्त हलताना दिसत होती.

राजूरला पेढे घेतले. थंडीत येथे डांगी जनावरांचे मोठे प्रदर्शन भरते, त्यासाठी पुन्हा येण्याचे यजमानांनी ठरवून टाकले आहे. पुढे निळवंड्याचे धरण लागते. १९७० साली हाती घेतलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. मामांच्या भरतीपासून निवृत्तीपर्यंतचा सारा काळ त्यात बसतो आणि वर बरीच वर्षे उरतात. ते म्हणाले, "मी लागलो तेव्हा साहेब म्हणायचे, दोन वर्षांत होईल."

अकोल्यात प्रवरेकाठचे सिद्धेश्वर मंदिर पाहिले. वेळ असता तर टाहाकारीचे जगदंबेचे जुने मंदिरही पाहिले असते. कोरीव कामात ते अमृतेश्वराच्या तोडीचे आहे आणि या फेरीला जोडून पाहता येते. पण मामांना आता घराची ओढ लागली होती, म्हणून नाशिकला न वळता आम्ही संगमनेरवरून त्यांना पोहोचवायला निघालो. संगमनेरनंतर डोंगर मागे पडले, आकाश मोठे झाले आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेला कालवा कधी रस्त्याच्या उजवीकडे, कधी डावीकडे दिसत होता.

गावाच्या अलीकडे चारीच्या पुलावर मामांनी गाडी थांबवायला सांगितली. चारीला पाणी होते. ते उतरले, बांधावरून दहा पावले चालत गेले, वाकून मोजपट्टी पाहिली आणि परत आले. "किती आहे?" असे यजमानांनी विचारले. मामांनी उत्तर न देता मांडीवरची तांदळाची पुरचुंडी नीट केली आणि घड्याळात पाहिले. पावणेसात झाले होते. "पंधरा मिनिटं थांबू," ते म्हणाले, "बाई टेकाडावर आल्या की फोन लावून द्या."